भूक नसलेल्या सातजणी

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आले बाई एकदाची भातसानगरला. भात झोडून झालं, कणगी भरली, पेंढा रचला, आणि सिद्धगडाखालचं घर धाकट्याच्या हवाली करून मी निघाले. बरोबर एक पिशवी, म्हसा गावच्या जत्रेतली घोंगडी आणि नाचणीचं पीठ. थोरला भगीरथ इथे धरणावर नोकरीला आहे. त्याची बायको त्या मोठ्या आजाराच्या सालात गेली. तो पाळीवर गेला की घरात त्याची पोर दिपिका एकटी. म्हणून मला राखणीला बोलावलं. कोण कोणाची राखण करणार ते बघू.

क्वार्टर दोन खोल्यांची. मोरी घरातच, त्यामुळे बाहेर जायचं काम नाय आणि बाहेर गेल्यावर ज्या चार बाया भेटतात त्याही नाय. शेजारणीने दारातून डोकावून विचारलं, आजी, नाव काय? मी म्हटलं सकुबाई, आणि बोलायला कोणी लागलं तर कधीही हाक मार. ती हसली आणि दार लावून घेतलं. इथे सगळे दारं लावतात.

दिपी एकोणीस वर्षांची. तोंडाळ, आळशी, खादाड. माझीच नात. आल्या आल्या तिने मला एक जुना फोन दिला. मी बोलायचं, तो लिहितो, वर तारीखही टाकतो. मला अक्षर येत नाय, त्याला अक्कल नाय, जोडी छान जमली. संध्याकाळी दिपी ते मला वाचून दाखवणार. आजचं वाचून आत्ताच लोळून हसली. मला तोंडाळ म्हणतेस का म्हातारे, म्हणाली, आणि माझ्या ताटातला सुकट चटणीचा गोळा उचलून पळाली.

रविवार, २३ नोव्हेंबर

पोर दिवसभर खेळते. टीव्हीला फोन जोडते, कानाला हेडफोन लावते आणि हवेशी भांडते. पहिल्यांदा मला वाटलं, हिला वारं लागलं. मग कळलं, पलीकडे कसाऱ्याचा प्रणित असतो. तो तिथे आपल्या घरी, ही इथे आपल्या घरी, आणि दोघं मिळून एका बॉसला मारतात. मी विचारलं, बॉस म्हणजे साहेब ना? साहेबच, ती म्हणाली, पण मारायला परवानगी असलेला. भगीरथ जेवत होता, त्याला म्हटलं, तुझ्या खात्यात पण सुरू कर हा खेळ.

हा बॉस कोणाकडून हरत नाय म्हणे. देशोदेशीची पोरं डोकं आपटतायत. दिपी हरली की घरभर आदळआपट करते, मग मला शिव्या देते, मग मी तिला देते, मग आमी दोघी पोटभर जेवतो. भगीरथ म्हणतो, हे काय बरं नाय. मला तर गावच्या घरापेक्षा इथे करमायला लागलंय.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज बॉस बघितला. पाण्यात गुडघाभर उभ्या सात बायका. पांढरे कपडे, ओले केस, तोंडावर शांत हसू. हातात काही नाय.

दिपीने सांगितलं, ख्रिस्ती लोकांत सात सद्गुण सांगतात, त्यावरून बनवलाय. दान, माया, सोशिकपणा, संयम, कष्ट, शुचिता, नम्रता. बॉस एकच, अंगं सात. त्या मारत नाहीत. तुमी वार केला की त्या माफ करतात, आणि माफी मिळाली की तुमच्या हातचं हत्यार गळून पडतं.

मी हसले. पाण्यात उभ्या सात बहिणी, ओल्या केसांच्या. बनवणाऱ्याने नावं काहीही ठेवो, आमच्या पाड्यावरचं शेंबडं पोरही सांगेल त्या कोण ते. साती आसरा. आसरांशी कोणी तलवारीने भांडतं? त्यांची ओटी भरायची, माहेरवाशिणी म्हणून घरी बोलवायचं, जेवू घालायचं आणि आपल्या ठाण्याला जा म्हणायचं. जेवलेली आसरा मुकाट वाटेला लागते.

दिपी म्हणाली, म्हातारे, गेममध्ये ओटी नसते. मी म्हटलं, तुझ्या गेममध्ये अक्कल पण नसते.

मंगळवार, २ डिसेंबर

आज दिवेलागणीच्या आधी ओटी भरली. टीव्हीपुढे पाट मांडला, त्यावर तांदळाच्या सात मुठी, सात सुपाऱ्या, हिरव्या बांगड्या, नारळ, खण. पलीकडे सात पानं वाढली, भात, घावन, गूळ. दिपी हसून हसून बेजार. प्रणित फोनवर होता. तो म्हणाला, आजी, माझ्या नावाचेही तांदूळ घाला. घातले पसाभर.

मी विधवा. माझा हात ओटीला चालत नाय. म्हणून सगळं पोरीच्या हातून करवलं. बोलावणंही तिच्याच तोंडून. मी सांगितलं तसं ती म्हणाली, या बायांनो, हे घर तुमचं माहेर, बसा, जेवा.

टीव्हीतलं पाणी हललं. सातजणींनी एकदम मान वर केली. मग पडद्यावर नुसतं पाणी, आणि बाया नाहीत.

वाजतगाजत काहीतरी अक्षरं आली. जिंकलो, दिपी ओरडली. तिकडून प्रणितही ओरडला. पोरीने मला उचलून गरागरा फिरवलं, माझं लुगडं सुटायची वेळ आली.

बुधवार, ३ डिसेंबर

सातही पानं तशीच आहेत. भात शिळा झाला नाय, घावन वाळलं नाय, गुळाला एक मुंगी नाय.

म्हणजे आल्या, पण जेवल्या नाहीत. हे वाईट झालं. बोलावलेल्या पाहुणीला जेवल्याशिवाय वाटेला लावता येत नाय. मी तरी म्हणून पाहिलं, जा बायांनो आपल्या ठाण्याला. कोणाला म्हणत होते कोण जाणे.

दिपी लवकर उठली. घर झाडलं, भांडी घासली, वर माझे पाय चेपले. मी म्हटलं, काय पाहिजे गो तुला? काही नको आजी, म्हणाली.

आजी म्हणाली. म्हातारी नाय.

शुक्रवार, ५ डिसेंबर

पोर बदलली. गेम उघडलाच नाय. आईच्या आठवणीची हिरवी साडी तिने कचरेवालीला देऊन टाकली, बापाचा नवा स्वेटरही. फोन शेजारच्या पोरीला. ताटात चार घास घेते, तेही मला दाखवायला. मी मुद्दाम आमटीत मूठभर मीठ टाकलं. ती शांतपणे प्याली आणि हसली. ते हसू मी बघितलंय. पडद्यावर.

भगीरथ खूश आहे. आई, तू आलीस आणि पोर सुधारली, म्हणतो. शेजारीण आज स्वतःहून दारात आली, कशासाठी, तर दिपीचं कौतुक करायला. चोर पोरीची तक्रार करता येते, पळून गेलेल्या पोरीचीही. चांगल्या पोरीची तक्रार कोणाकडे करायची?

संध्याकाळी तिला म्हटलं, वाचून दाखव माझं. तिने हे सगळं वाचलं. चोख वाचलं. एकदाही हसली नाय.

रविवार, ७ डिसेंबर

मुरबाडच्या दवाखान्यात माझ्या तरुणपणी एक ख्रिस्ती सिस्टर होती. सुई टोचायची, रात्रंदिवस राबायची, पैसा घ्यायची नाय. पण भाकरी दिली की ठेचा मागायची, आणि उशीर झाला की डॉक्टरला झापायची. गुण माणसात असला की त्याला भूक असते, ऊन लागतं, कंटाळा येतो. त्या बाईच्या देवाचं आणि ह्या सातजणींचं काही नातं नाय. हे नुसते गुण आहेत. आत माणूसच नाय.

आमच्याकडची भुतं बरी. कोंबडं मागतात, दारू मागतात, घेतात आणि जातात. ज्याला काहीच नको, त्याला काय देऊन घालवायचं?

बंद टीव्हीच्या काचेत खोली दिसते. दुपारी दिपी भाजी निवडत होती. काचेत तिच्यामागे त्या ओळीने उभ्या होत्या. मी वळले तर भिंत.

मंगळवार, ९ डिसेंबर

प्रणितच्या आईचा कसाऱ्याहून फोन आला. विचारत होती, तुमची मुलगी जेवते का? प्रणित जेवत नाय. दवाखान्यात नेलं, सलाइन लावली, तर नर्सला हात जोडतो, माझ्यावर खर्च नको, दुसऱ्याला द्या म्हणतो. दुखत काही नाय. हसतो.

भगीरथाला सांगितलं. तो म्हणाला, उपास करत असतील पोरं. मी म्हटलं, आत्ताच डॉक्टरकडे ने. नेलं शहापूरला. डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा आहे, खायला घाला. तेवढं मलाही कळतं.

बुधवार, १० डिसेंबर

लढायचं तर लढू. दिपीला हत्यारं कमी पडली, मला नाय पडणार. माझ्यात दुर्गुण भरपूर.

सकाळी उठलेच नाय, लोळले. तिच्या डब्यातली साखर चोरून खाल्ली आणि तिच्या देखत खोटं बोलले. तिच्या आईबद्दल वाकडं बोलले, जे मी जन्मात बोलले नसते. म्हटलं, तुझी आई भाकरी करपवायची आणि माझ्या लेकाला फसवून गळ्यात पडली. पोरीच्या डोळ्यांत जाळ आला, खरा, आमच्या घरातला जाळ. दात चावून म्हणाली, "थेरडे, परत बोल, जीभ हासडीन."

मी देवाला हात जोडले. धावत जाऊन भाकरी आणली. तिने तुकडा मोडला, तोंडात घातला—

मग मान वर केली, तशीच, सातजणींसारखी. तुकडा काढून परत ताटात ठेवला. म्हणाली, आजी, मी तुला माफ केलं.

आणि माझ्या तोंडातली पुढची शिवी गळून गेली. कोणती होती तेच आठवेना.

शुक्रवार, १२ डिसेंबर

प्रणित गेला. आजार सापडला नाय. त्याने काही मागितलं नाय, इतकंच.

दिपीला सांगितलं. ती म्हणाली, त्याचं भलं झालं. पोरीच्या मनगटाची बांगडी कोपरापर्यंत वर सरकते. भगीरथ आता घाबरलाय. उद्या ठाण्याला मोठ्या दवाखान्यात नेतो म्हणतो, गाडी बघायला गेला. मी आणि ती. आणि त्या.

फार गप्प आहे घर.

शनिवार, १३ डिसेंबर

गाडी आली होती. दिपी उठलीच नाय. जबरदस्ती केली तर डोळे फिरवते, श्वास थांबतो. भगीरथ डॉक्टरला इथेच आणायला गेलाय.

पाणी चमच्याने घालते. ओठ मिटलेले. वर हसू.

काचेत बघितलं. आता तिच्यामागे नाहीत. तिच्या भोवती बसल्यात. एकीने तिचं डोकं मांडीवर घेतलंय. मायेने.

हात लावीन म्हटलं तर—

रविवार, १४ डिसेंबर

दुपार. पोरीचा श्वास मोजावा लागतो.

एक ध्यानात आलं. त्या घेत नाहीत, नुसतं देतात. सगळ्यांनी त्यांना मारलं. आमी त्यांना वाढलं. मागितलं कोणीच नाय.

मी कोणापुढे पदर पसरला नाय. नवरा गेला तेव्हाही नाय. आणि तेव्हापासून माझी ओटी कोणी भरली नाय. तशी रीत नाय.

टीव्हीपुढे बसले. पदर पसरला. म्हटलं, "बायांनो, माझी पोर मला द्या. तिची भूक तिला द्या. तिचं तोंड तिला द्या. बदल्यात तुमच्यापाशी आहे ते सगळं माझ्या ओटीत घाला."

काचेत सातजणी उठल्या. हसत. दानाची पुढे—

पदर जड झाला. ओला. थंड

दिपी खोकली. उठून बसली. भिंत धरून स्वयंपाकघरात गेली. डबे पाडतेय. ओरडतेय, "म्हातारे, भाकरी कुठे लपवलीस?" शिवी पण दिली. सणसणीत

खातेय. आवाज येतो. दोन्ही गालांनी खातेय

हिच्याशी भांडायचं होतं. किती साठवलं होतं. शब्द आहेत पण— राग येत नाय

ताट घेऊन आली. तू पण खा म्हणते. माझं तोंड दोन्ही हातात धरून बघते. का रडते? मीठ जास्त झालं का

राहू दे बाय. तू खा. माझ्यासाठी काढू नको. मी बसते इथे, कोणाच्या वाटेत—

ती टीव्हीवर लाटणं मारते. मार हो. तुला माफ—

मला काय