मलाखीचं सुटलेलं पान

प्रिय धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून तुमच्याच चर्चच्या मंडळीतल्या गवंड्याच्या हाती हे पत्र देतेय. तुला आता पाळकसाहेब म्हणायला हवं, पण ज्याचा शेंबूड मी पुसला त्याला साहेब म्हणायला माझी जीभ वळत नाही. दादा दवाखान्यात आहे, हे तुझ्या कानावर आलंच असेल. त्याचं शेवटी लिहिते. आधी मला तुझ्याशी पोटभर भांडू दे, पाच वर्षं साचलंय. आणि खबरदार, शेवट आधी वाचशील तर.

बाबांना पुरून आलो ती दुपार आठवते ना? आपल्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात खळीचं पातेलं तसंच पडलेलं, बाबांचा चष्मा कटिंगच्या टेबलावर. दादानं आजोबांचं बायबल उघडलं आणि मक्काबीचं पुस्तक वाचायला घेतलं, मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी असं त्यात आहे म्हणून. त्यावर तू, आपला कॅथलिक पंथ सोडून नुकताच प्रोटेस्टंट झालेला, उसळलास. म्हणालास, मक्काबीसकट ही सात जादा पुस्तकं देवाची नव्हेतच, माणसांनी मागून घुसडलेली आहेत. बाबांचा न्याय झाला, आता प्रार्थना म्हणजे वरातीमागून घोडं. अरे, बापाच्या अंगावरची माती अजून ओली होती! दादानं विचारलं, मग बाबा जन्मभर संतांपुढे मेणबत्त्या लावत होते ते काय खुळे म्हणून? तू उत्तर दिलंस, हो, खुळेच. आणि ती पानं काढून टाकायला कातडं कापायची रापी घेऊन तू पुस्तकाच्या कण्यातून ओढलीस. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून कोनाड्यातली संताची मूर्ती भिंतीवर आपटलीस. तिचं मुंडकं गडगडत माझ्या पायाशी आलं.

पुढचं मला झोपेतही दिसतं. दादानं तुझी मानगूट धरली, तुझा उजवा हात शिकंज्यात घातला आणि चाक फिरवलं. ज्या शिकंज्यात आपण पुस्तकं दाबायचो, त्यात तुझी बोटं मोडताना मी ऐकली. तू डाव्या हातानं दाभण उचललंस आणि त्याच्या डोळ्यात खुपसलंस. मी मध्ये पडले, तर लाकडी हातोडा माझ्या तोंडावर बसला. कुणाच्या हातातून, ते मी आजवर विचारलं नाही आणि विचारणारही नाही. माझे पुढचे दोन दात खळीच्या पातेल्यात पडले. देवासाठी भांडत होता म्हणे दोघं! देव त्या खोलीत असलाच तर टेबलाखाली लपून बसला असेल.

तू गेलास. मी चिंध्या झालेलं ते बायबल मांडीवर घेतलं. जुजबंदी, पानांचे जुज दोऱ्यानं शिवायचं काम, तुला बाबांनीच शिकवली होती ना रे? मग विसरलास कसा, की जुजातलं कुठलंच पान एकटं नसतं. एकच कागद दुमडून त्याची दोन पानं होतात आणि घडीत दोरा जातो. तू मक्काबीची पानं कापलीस आणि त्याच कागदांचं दुसरं अंग, मलाखीची पानं, मोकळी होऊन माझ्या पदरात पडली. मलाखी तर तुमच्याही सहासष्ट पुस्तकांच्या बायबलात आहे, शहाण्या! तुझी सहासष्ट पुस्तकं वाचवायला निघालास आणि त्यातल्याच एकाचा गळा कापलास. दादानं उरलेल्या एका डोळ्यानं पानापानाला कागदाची पट्टी लावली आणि मी पुन्हा सगळं शिवलं. तो तुला शिव्या घालत होता. मध्येच म्हणाला, धाकट्याला जुजबंदी कधी जमलीच नाही, आणि हसला. मग बराच वेळ रडला.

आता परवाचं. सुरुवात आमच्या पोरांनी केली, हे मी लपवत नाही. संताच्या नावाची आरोळी देऊन त्यांनी तुमचं प्रार्थनाघर पेटवलं आणि तुमचा म्हातारा पेटीवाला आत होरपळून मेला. त्यातल्या एकाला दादानं भर रस्त्यात पायताणानं झोडपलं. संतांचं नाव घेऊन माणसं जाळता का रे, म्हणून ओरडत होता. पण हे तुमच्या पोरांना कोण सांगणार? ती लोखंडी गज घेऊन कारखान्यावर चालून आली. रविवारी तू मूर्ती फोडण्यावर बोललास म्हणे. तू दगडाच्या मूर्तींबद्दल बोलला असशील, पण त्यांना दगड आणि डोकं यातला फरक कळला नाही. दादानं मला टेबलाखाली ढकललं आणि दारात आडवा उभा राहिला. पहिल्या घावाला तो नुसता हलला. दुसऱ्याला मडकं फुटावं तसा आवाज आला. तो खाली पडल्यावरही ती मारत होती. मग त्यातलाच एक किंचाळला, अरे, हा पाळकांचा भाऊ! तेव्हा गज टाकून पळाली. दाराची चौकट मी दोनदा धुतली, डाग जात नाहीत.

डॉक्टर म्हणतात, मेंदूत रक्त साचलंय, आजचा दिवस निघाला तर खूप झालं. मधूनच शुद्धीवर येतो. सकाळी माझा हात धरून म्हणाला, मी गेल्यावर धाकट्याला सांग, माझ्यासाठी एकदा प्रार्थना कर म्हणावं, फक्त एकदा. मी हो म्हणाले. पण मी तुला ओळखते. मेलेल्यासाठी तुझे ओठ उघडायचे नाहीत, आणि मला बरं वाटावं म्हणून पुटपुटलेली खोटी प्रार्थना मलाही नको. म्हणून हे पत्र. धाकट्या, दादा अजून जिवंत आहे. जिवंत भावासाठी हात जोडायला तुझ्या सहासष्ट पुस्तकांपैकी एकाचीही हरकत नाही. तो मोडका हात घेऊन तसाच ये, गवंड्याच्या सायकलवर मागे बस. कोण बरोबर, कोण चूक, ते आपण नंतर म्हातारे होईपर्यंत भांडू. पण आत्ता ये. उद्या आलास तर तुझ्याच शिकवणीप्रमाणे ते वरातीमागून घोडं होईल, आणि ते तुला जन्मभर सोसायचं नाही रे.

दात पाडून घेतलेली,
तुझीच ताई