सम्राटाच्या देवळाचा तास

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि माझा राग अजून गेलेला नाही. तुमच्यावरचासुद्धा.

नववीला तुम्ही रोम शिकवत होता. पुस्तकात चारच ओळी, पण तुम्ही अख्खा तास घेतलात. सम्राटानं कधी पाऊलही न टाकलेल्या लांबच्या शहरांत, भर चौकात, उंच चौथऱ्यावर त्याचं देऊळ. गावातले पैसेवाले तिथलं पुजारीपण मिळवायला धडपडतायत. जुन्या देवांना कुणी हात लावत नाही, फक्त त्यांच्या नावाला रोमच्या देवाचं नाव जोडतात. मी विचारलं, "सर, लोकांचा विश्वास होता का त्याच्यावर?" तुम्ही हसलात. "विश्वास कोण विचारतंय? चिमूटभर धूप टाकला, हजेरी लागली."

पुढे त्याच शाळेत मी शिक्षिका झाले, तुम्ही मुख्याध्यापक होता. गावच्या देवीचं देऊळ सरकारी निधीतून नव्यानं बांधलं. कमानीवर देवीपेक्षा मंत्र्यांचं नाव मोठं. उद्घाटनाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पोरं उभी करा, असं सांगायला सरपंच ऑफिसात आले. तुम्ही म्हणालात, "देवीला पोरं रोजच जातात. मंत्र्यांसाठी जाणार नाहीत." सरपंच माझ्याकडे वळले. "बाई, तुमी नेता का?" माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी मान डोलावली.

तीन तास पोरं उन्हात उभी. पाचवीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. गाडी आली, काच खाली न करताच पुढे गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एवढंच विचारलंत, "पाणी तरी दिलंस का त्यांना?" मी दिलं नव्हतं.

महिन्याभरात संस्थेनं तुमची बदली वेल्ह्याच्या पलीकडच्या शाखेत केली. त्या वयात दोन एसट्या बदलून जायचात. वर्षाच्या आत तिथंच वर्गात कोसळलात. 'नेऊ नकोस' म्हणून तुम्ही मला एकदा तरी दटावलं असतं तर मी थांबले असते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे.

तुमच्या मुलीचा भोरचा पत्ता माझ्याकडे आहे, पण हे तिलाही पाठवणार नाही. तुमच्या शोकसभेत बाई किती रडल्या, असं गावात अजून बोलतात. सर, रडले खरी. पण बातमी कळली तेव्हा, आता पाण्याचं विचारणारं कुणी उरलं नाही म्हणून, आधी मला हायसं वाटलं होतं.