सोळा जीबी करावी का?

३ फेब्रुवारी, मंगळवार
परत हँग! नवरीच्या शालूचा रंग सारखा करत होते आणि कर्सर गोल गोल फिरत बसला. तोवर पाच वाजले. आम्ही जैन, जेवणं सूर्यास्ताआधी, म्हणजे पाचला मला स्वयंपाकाला उठायलाच हवं — कॉम्प्युटर उठो न उठो! निरगुडसर गावच्या लग्नाचा अल्बम अजून तिसऱ्या पानावर.

४ फेब्रुवारी
सल्ल्यांचा दिवस. नवरोबा म्हणाले, "ब्राउझर बंद ठेव, धूळ पूस." बंटी भाऊजी म्हणाले, "वहिनी, व्हायरस असंल." दोघांना साधा पासपोर्टचा फोटो कापता येत नाही! सासूबाई म्हणाल्या, "थोडा वेळ बंद ठेव, त्यालाबी आराम." झालं, विषय मिटला.

५ फेब्रुवारी
धूळ पुसली. ब्राउझर बंद केला. व्हायरस शोधला — नाही. मग नुसता अल्बम उघडला आणि टास्क मॅनेजर बघितला. मेमरी ९६ टक्के! एकटा अल्बमच सगळी आठ जीबी खातोय. पाट आठ आणि पाहुणे बारा, कुठून बसणार?
मेमरी वाढवू या म्हटलं, तर नवरोबा, "अगं, चालतोय ना? मग?"
चालतोय! गोगलगायही चालते.

७ फेब्रुवारी
आळेफाट्याहून गोरखभाऊंचा फोन. लग्नाचे फोटो ते काढतात, अल्बम मी लावते. "ताई, पार्टीनं लई डोकं खाल्लंय. मंगळवारपर्यंत न्हाई झालं तर पुढची कामं पुण्याला टाकावी लागतील बघा."
फोन ठेवला आणि रडूच आलं. दुकान सासरचं, घर सासरचं. माझं म्हणावं असं हे एकच काम आहे. ते काय त्या फिरत्या कर्सरपायी घालवू? आता कुणाला विचारणार नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
सगळे दुकानात गेल्यावर दुरुस्तीवाल्या बाळासाहेबांना बोलावलं. खोकं उघडलं आणि हसायलाच लागले. "वहिनी, मेमरीचा दुसरा स्लॉट मोकळाच व्हता की! अजून आठ टाकू, सोळा व्हतील." चहा निवायच्या आत काम झालं. इतके दिवस मी नुसती डोकं आपटत होते!
आणि आता अल्बम पळतोय — अक्षरशः पळतोय! हळद, मंडप, वरात, झटझट.

१० फेब्रुवारी
चारलाच अल्बम पाठवला. गोरखभाऊ खूश. "अजून चार लग्नं देतो, ताई." चारलाच मोकळी झाले म्हणून घरात सगळ्यांना सांगत सुटले. सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला. चार ते पाच रोजचा एक तास हाताशी आला! त्यात चारही अल्बम बसतील. आज फार बरं वाटतंय.

११ फेब्रुवारी
संध्याकाळच्या पोळ्यांना येणाऱ्या सखूबाईंना सासूबाईंनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. माझ्यासमोरच, आणि किती कौतुकानं — "आमच्या राखीचा कॉम्प्युटर आता लई फास्ट झालाय. चारलाच मोकळी होते ती."