अस्वलाचा बाबा हैदराबादला

उदगीर
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय उमाशंकरअण्णा,

शरणु शरणार्थी. आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. नांदेडला वहिनींचे गुडघे आता कसे आहेत? फोन करायचा सोडून पत्र कसलं, असं म्हणशील. फोन विशूच्या हातात असतो, म्हणून पत्र. त्यातही दोन कागद फाडून झाले.

शनिवारी तिला घेऊन लातूरला सिनेमाला गेले. यंदा घरात दिवाळी नव्हती, लेकरू हिरमुसलं होतं. लहानपणी आपण सीडीवर ते अस्वलाचं कार्टून पुन्हा पुन्हा बघायचो ना, तेच आता खरी माणसं घेऊन नव्यानं काढलंय. अस्वलाचा केस न् केस दिसतो, पण मेलं हसतच नाही! आपलं चित्रातलं कसं पोट धरून हसायचं. मी आपली नाक मुरडत बसले होते.

मग पूर आला आणि अस्वलाच्या पिल्लाचा बाबा वाहून गेला. मेला, अण्णा.

आपल्या सीडीत पूर आला की तू रिमोट घेऊन सिनेमा पुढे पळवायचास. सगळा इंग्रजीत, कुणाला काय कळत होतं? "बाबा हैदराबादला ड्युटीला गेला," तू सांगायचास आणि मी मान डोलवायची. पंचवीस वर्षं मी तेच खरं धरून चालले. मी एकदा रडायला लागले की घरात कुणाला जेवू द्यायची नाही, म्हणून केलं असशील. त्याचा राग नाही.

राग दुसराच आहे. श्रावणात सत्यम अपघातात गेले, तेव्हा विशूला तू शिरूरला लक्ष्मम्मा आत्याकडे पाठवलंस. "लेकरू लहान हाय, सध्या न्हाई सांगायचं. हैदराबादला ड्युटीला गेले म्हणू," म्हणालास. त्यांचा फोन घेऊन गेलास आणि तेव्हापासून दर रविवारी तिचा पप्पा होऊन तिला मेसेज करतोस. मी ऐकलं तुझं. तिला दिसावं म्हणून कुंकू लावत राहिले. चुकलंच माझं.

बघ, जे लिहायचं ते अजून राहिलंच. परतीच्या एसटीत विशू खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मम्मी, पप्पापण मेले ना?"

मला "नाही" म्हणता आलं नाही. "हाव," म्हणाले. ती रडली नाही. माझी ओढणी मुठीत धरून उदगीरपर्यंत तशीच बसली.

काल रविवार. तुझा मेसेज आला, "सुट्टीतला अभ्यास झाला का?" मी फोन काढून घेणार, तेवढ्यात तिनं लिहिलंसुद्धा, "झाला पप्पा. तुम्ही जेवलात का?" मी बघतच राहिले. तर उलट मलाच दटावते, "मामाला सांगू नको मम्मी. लई वाईट वाटंल त्याला."

आठ वर्षांची आहे रे ती, आणि तुला सांभाळतेय. माझ्यानं हे बघवत नाही. येत्या रविवारी मेसेज करू नकोस. तू ये. मामा म्हणून ये, आणि तिला तुझ्यासमोर रडू दे.

वाट पाहतेय,
तुझी शिवानी