सासूबाईंचं बेंगोल

५ ऑगस्ट

माझी बायको लस्त्री म्हणाली, "काहीतरी छंद लावून घ्या, नाहीतर मी आईकडे निघून जाईन." तिची आई आमच्याच घरात राहते, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. पण धमकी ती धमकीच!

पाणी खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी गल्लीतल्या सगळ्यांचे नळ तपासून दिलेत, कुणी न सांगता. आता लोक मला बघून दार लावतात. तेव्हा ठरलं — नाणी जमवायची. अल्बम आणला, भिंग आणलं, पांढरे हातमोजे आणले. हातमोजे इतके आवडले की घालूनच जेवायला बसलो. सांबलच्या तिखट चटणीचे डाग पडले. धुवायला टाकलेत.

६ ऑगस्ट

साखरेच्या डब्यामागे, जुन्या पाकिटात, लेकीच्या लहानपणच्या गल्ल्यात — मूठभर जुनी नाणी निघाली. काळी पडलेली. चिंच आणि राख घेऊन दुपारभर घासली. काय चमकली! लस्त्री म्हणाली, "माझी भांडी कधी अशी घासली नाहीत." अल्बमची दोन पानं भरली. हे तर सोपं आहे.

७ ऑगस्ट

सोपं नाही.

जुन्या बाजारात कोह बिंगच्या दुकानी गेलो. नाण्यांचा व्यापारी, शिवाय गावातल्या नाणे मंडळाचा अध्यक्ष. अल्बमचं पहिलं पान बघितलं, चष्मा काढला आणि डोळे मिटून बसला. मला वाटलं, त्याच्या घरी कुणी गेलं की काय.

"पाक दिर्जो," तो मला अदबीने म्हणाला, "ही धुतली कुणी?"

"मी. चिंचेने."

"धुतली नाहीत. सोललीत!"

नाणं कधीही घासायचं नाही म्हणे. तो काळा थर हीच त्याची अब्रू. दुकानातलं एक गिऱ्हाईक तोंड फिरवून हसत होतं. सतरा तारखेला, आमच्या इथल्या स्वातंत्र्यदिनी, मंडळाचं प्रदर्शन आहे. प्रत्येकाने निदान एक चांगलं नाणं मांडायचं. "तुम्ही पुढच्या वर्षी या," कोह बिंग म्हणाला. मी म्हटलं, याच वर्षी येणार! नाणं कुठून आणणार ते मला माहीत नाही. पण आता शब्द गेला.

९ ऑगस्ट

वारा शिरला. काल स्कूटरवर जाकिटाची चेन उघडी ठेवून हिंडलो, दुसरं काय होणार! अंग जड, पोट टम्म. सासूबाईंनी — अख्खी गल्ली त्यांना म्बाह म्हणते, म्हणजे आजी — मला चटईवर पालथा घातला, तेल चोळलं आणि बेंगोलने पाठ खरवडायला घेतली. मणक्याच्या दोन्ही बाजूंना तिरप्या लाल रेघा. जितकी लाल रेघ तितका आत वारा. मी ढेकर दिला. म्बाह "हं" म्हणाल्या. बरं वाटलं.

आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. बेंगोल! डच काळातलं जाडजूड तांब्याचं नाणं! लग्न झाल्यापासून ते माझ्या पाठीवर फिरतंय, आणि मी शोधतोय साखरेच्या डब्यामागे! गर्रकन वळलो, तोवर त्यांनी ते कमरेच्या पट्ट्यात खोचलंही. १९१ एवढंच दिसलं. शेवटचा आकडा तेलात बुडालेला.

"म्बाह, जरा हातात द्या ना."

"हातात? अख्ख्या गल्लीचा वारा आहे यात. धरलास तर सगळा तुझ्यात शिरेल, पोरा."

पोरा! मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे.

१० ऑगस्ट

कोह बिंगला सांगितलं. ताठ बसला. "शेवटचा आकडा आठ असेल तर विसरा. तसलं बेंगोल जावातल्या प्रत्येक आजीच्या कमरेला आहे. पण तीन असेल—" आणि माझ्यासाठी चहा मागवला!

११ ऑगस्ट

वारा शिरला. (शिरला नाही. पण तसं सांगितलं.) आठ वाटतो.

१२ ऑगस्ट

पुन्हा शिरला. तीन! जवळजवळ नक्की तीन!

म्बाह म्हणाल्या, आज रेघा फिक्या आल्या. मी जोरात कण्हलो.

१३ ऑगस्ट

सगळी अडचण एकच — नाणं पाठीवर आणि डोळे पुढे. देवाने माणूस घडवताना नाणी जमवणाऱ्यांचा विचारच केला नाही. आज लस्त्रीला शेजारी बसवलं, बघ म्हटलं. "तीन आहे," ती म्हणाली. "किंवा आठ. आणि दुखत नसताना तुम्ही रडताय कशाला?"

पाठीवर आता जागा नाही. म्बाह दंडांवर उतरल्यात. हल्ली मी जायच्या आधीच त्यांनी चटई टाकलेली असते, आल्याचं गरम पाणी झाकून ठेवलेलं असतं. खरवडता खरवडता सासऱ्यांच्या गोष्टी सांगतात — ते लग्नाच्या दिवशी सायकलसकट भातशेतीत कसे पडले, तसेच चिखलाने कसे बोहल्यावर बसले. मी हं हं करतो. लक्ष सगळं नाण्याकडे.

१४ ऑगस्ट

नामी कल्पना! म्हटलं, "म्बाह, खांद्यापाशी अडकलाय, नाणं आडवं ठेवून दाबा. अजून जोरात!" छाप उठला! तसाच उघडाबंब, वर जाकीट चढवून, स्कूटर पळवत कोह बिंगकडे. त्याने मला दुकानाच्या दारात, उजेडात, पाठमोरं उभं केलं. भिंग लावलं.

"तीन."

शेजारचा घड्याळवाला म्हणाला, "आठ."

गिऱ्हाईक म्हणालं, "हा तीळ आहे."

एका परदेशी बाईने फोटो काढला आणि किंमत विचारली.

१५ ऑगस्ट

कोह बिंग स्वतः आला. खोटा खोकत. म्बाहना कोण आनंद! "माझं नाव बाजारापर्यंत गेलं!" त्याला पालथा घातला. हनुवटीखाली भिंग लपवून तो मान वळवायला लागला, तर टाळक्यात टपली बसली. "मान सरळ!" थोड्या वेळाने बघतो तर पठ्ठ्या घोरतोय. उठल्यावर म्हणाला, "आकडा नाही दिसला. पण माझी मानदुखी गेली हो!"

१६ ऑगस्ट

नाणे मंडळ सगळंच्या सगळं आलं. अंगणात चपलांचा ढीग. सगळ्यांना वारा. म्बाह सकाळपासून दिवे लागेपर्यंत खरवडत होत्या. लस्त्री म्हणाली, "आई, पुरे आता." तर म्हणाल्या, "माणसं आपल्या दारी आलीत, पुरे काय?"

निकाल असा की अर्धे म्हणतात तीन, अर्धे म्हणतात आठ. मंडळात दोन तट पडले. खजिनदार अध्यक्षांशी बोलत नाहीत.

१७ ऑगस्ट

प्रदर्शन झालं. बाहेर झेंडे, दोरीला टांगलेले क्रुपुक पापड तोंडाने खायची पोरांची शर्यत. आत मखमलीवर एकेक नाणं. माझ्या टेबलावर मी. शर्ट काढून, लोकांकडे पाठ करून बसलो. बाजूला चिठ्ठी — "बेंगोल, १९१?. फक्त छाप. मूळ नाणं सासूबाईंकडे." सगळ्यात जास्त गर्दी माझ्यापाशी! एकाने हात लावायला बघितलं, तर कोह बिंग ओरडला, "नुसत्या बोटांनी नको, हातमोजे घाला!" उत्तेजनार्थ पेला मिळाला.

पेला नाचवत घरी आलो. चटई गुंडाळून भिंतीला लावलेली. म्बाह खाटेवर. हात बर्फासारखे, ओठ पांढरे. उजवा हात त्यांना उचलवत नाही.

लस्त्रीने आईच्या अंगावर पांघरूण ओढलं. मग म्हणाली, "काल तिने किती पाठी खरवडल्या, तुमचं लक्ष होतं? का सगळं लक्ष आकड्याकडेच?"

पेला कपाटामागे टाकला. फार लाज वाटते आहे. त्यांना काही झालं तर मी काय करू?

१८ ऑगस्ट

डॉक्टर येऊन गेले. अतिश्रम, म्हणाले. गोळ्या दिल्या, विश्रांती सांगितली. म्बाहनी गोळी घेतली आणि म्हणाल्या, "वारा आहे. काढा कुणीतरी."

आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अख्ख्या गल्लीचा वारा म्बाहनी काढला. त्यांचा कुणी काढायचा हे आजवर कुणाला सुचलंच नव्हतं. दारात शेजारी उभे. नाण्याला हात लावायला एकजण पुढे होईना — त्यात प्रत्येकाचाच वारा! लस्त्री पुढे झाली, पण तिने पट्ट्यापर्यंत नेलेला हात मागे घेतला.

म्बाहनी डाव्या हाताने पट्ट्यातून बेंगोल काढलं. "दिर्जो कुठंय? त्याच्या पाठीइतकी या नाण्याची ओळख कुणालाच नाही."

मी म्हटलं, "म्बाह, मला वारा नव्हता. मी खोटं—"

"माहीत आहे रे. वारा असता तर रेघ लाल झाली असती. तुझ्या गुलाबी यायच्या." जरा दम घेतला. "पण येऊन बसायचास. इतक्या वर्षांत असा रोज कधी बसला नव्हतास." आणि कूस बदलून पाठ माझ्याकडे केली. "आता धर. आणि हळू. मी काही तुझा नळ नाही."

केवढीशी पाठ! लेकराएवढी. तेल लावलं आणि सुरुवात केली. रेघ लाल आली. लालभडक.

१९ ऑगस्ट

म्बाह उठून बसल्या. पेज मागितली आणि खारट झाली म्हणून नावं ठेवली. काल त्यांनी ढेकर दिला तेव्हा दारातली सगळी गल्ली एकदम "हं" म्हणाली होती. नाणं पुन्हा पट्ट्यात.

कोह बिंगचा निरोप आला — तीन की आठ?

काल दुपारभर ते माझ्या हातात होतं, खिडकीशी, भर उजेडात. भिंगही खिशात होतं. बघायचं राहून गेलं.