फुलासाठी राखलेलं तळं

तीर्थरूप दादास,

लढाईत तू पडल्याची खबर आली, त्यानंतर तुला लिहायचं थांबलो. आज लिहितोय, कारण आज वहिनींनी मला तळ्यावर गप्प केलं, आणि ते सांगायला दुसरं कोणी नाही.

बंगालातून रजेवर आलास तेव्हा बिस्किटाच्या डब्यातून जांभळ्या फुलाचं ते रोप आणलंस, हौसेनं तळ्यात सोडलंस. तिकडे त्यानं नद्या तुंबतात, हे तुला दिसलं नव्हतं का रे?

गाव त्याला ‘फौजी कमळ’ म्हणतं. तू रजा संपवून परत गेल्यावर दोन पावसाळ्यांत त्यानं तळं झाकलं. घागर बुडवायला जागा नाही, पाण्याला कुजका वास. उपाय मीच शोधला. शाळा चौथीपर्यंत, पण शेतकीचं मिळेल ते साताऱ्याहून मागवून वाचलेलं. कोयता लावायचा नाही, तुकड्यातुकड्याला फुटवा येतो. दोर ताणून सगळं काठाला ओढायचं, मुळासकट उचलायचं, लांब माळावर वाळवायचं. “एक रोप राहिलं तर तळं गेलं समजा,” असं दरवर्षी सगळ्यांना बजावायचो.

आणि एक मीच ठेवायचो. उंबराच्या मुळांआड, तुझं म्हणून.

तळं पुन्हा त्या रोपांनी भरायचं. म्हशीवाल्या गणाच्या जनावरांबरोबर डबक्यातून येतं, असं लोक म्हणाले.

“आवं, माज्या म्हशी काय माळनी हायत व्हय, रोपं लावाय?” तो मला म्हणाला. सगळे हसले. मीही. त्याला तळं बंद झालं.

आज वहिनी धुणं घेऊन तळ्यावर गेल्या, तर उंबराआड त्यांना ते रोप सापडलं. मी तिथंच होतो.

“भावजी, ह्ये कुनी ठिवलं?”

“मी. तुमच्यासाठी. दादाचं एवढंच राहिलंय.”

“माज्यासाठी? मला इचारलं व्हतं का? दर उन्हाळ्याला कंबर मोडून ह्येच उपसतीया मी. आन् त्यो गना उनातान्हात म्हशी वड्याला नेतुया.”

त्यांनी ते उपटून तापल्या खडकावर टाकलं आणि धुणं घासायला बसल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही.

वहिनींचं नाव मी उगाच पुढं केलं, दादा. लढाईवरून तुझा सदरासुद्धा घरी आला नाही. फूल मलाच हवं होतं. त्यापायी गावाला घाण पाणी पाजलं आणि आळ गणावर जाऊ दिला. काटेकोर म्हणवतो स्वतःला!

उद्या गणाला घेऊन चावडीवर जाईन. चारचौघांत माझं नाव सांगेन, त्याच्या म्हशी तळ्यावर मी हाकत आणीन. तो काय बोलेल ते ऐकेन, त्यातला एक शब्द दुरुस्त करणार नाही. आणि ते रोप पुन्हा कुठं दिसलं, तर तुझं म्हणून माझा हात थांबणार नाही.

मान खाली घालून,
तुझा धाकटा
यशवंता