वॉल्टच्या बंदुकीचा दस्ता

१४ सप्टें., शनि.
शेजारचा वॉल्ट सकाळी वडिलांच्या बंदुकीचा लाकडी दस्ता घेऊन आला. मेपलचा. जुलैत त्यांच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तेव्हा भिजला, मग तसाच गुंडाळून पडून. मूळ रंग पार गेलाय. काळे डाग. "नोव्हेंबरात विस्कॉन्सिनला शिकारीला जायचंय. तोवर होईल?" म्हटलं, तीन आठवडे. माझ्या बायपासनंतर दोन हिवाळे या माणसाने आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला. नाही कसं म्हणणार.
सौ. : "अहो, बंदूक घरात नको." नुसतं लाकूड आहे म्हटलं. तरी गराजमध्येच ठेवायला लावलं.

१६ सप्टें.
जुनं व्हार्निश काढलं. डाग वाटले त्याहून खोल.

१९ सप्टें., गुरु.
ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा हात दिला. काळ्याचं करडं झालं. धुऊन सावलीत वाळत.
दुपारी वॉल्टची बायको कॅरल आली. एकटीच. आत बसली नाही, उभ्या उभ्या बोलली. वॉल्ट विसरायला लागलाय. मे महिन्यात मुलगा मागच्या दाराने आत आला, तर चोर समजून त्याच्यावर बंदूक रोखली. नंतर पाण्यामुळे दस्ता सुटा केला, तेव्हा मुलाने नळी वगैरे सगळं लोखंड स्वतःच्या घरी नेलं. वॉल्टला सांगितलंय, रिपेअरला दिलंय. "तू काम संपवू नकोस. प्लीज. शिकारीचे दिवस जाऊ देत."
हो म्हटलं. चाळीस वर्षं इंजिनिअरिंग केलं, मुद्दाम काम रखडवलं नव्हतं कधी.

२५ सप्टें.
रंगाचा पहिला हात. मेपल रंग सगळीकडे सारखा पीत नाही. वॉ. बघून गेला. "लाल झालाय जरा." खरंच झालाय. जन्मभर फाउंड्रीत लाकडी साचे बनवले त्याने, नजर शाबूत आहे. घासून काढला.

३ ऑक्टो.
पुन्हा रंग. छान जमला. घासून काढला. वॉ.ला सांगितलं, डाग परत वर आला. त्याने मान हलवली.

८ ऑक्टो., मंगळ.
कॅलिपर लावून जाडी मोजली. लोखंड बसतं त्या कडेचं लाकूड झिजलंय. आणखी एकदा घासलं तर फट राहणार. सौ.ला बोललो. "खोटंच बोलायचं तर तोंडाने बोला. लाकूड कशाला खाताय?"

११ ऑक्टो., शुक्र.
वॉ. गराजमध्ये तासभर बसला. वडिलांची एकच गोष्ट दोनदा सांगितली. मग एकदम, "कॅरलने तुला काम संपवू नको म्हणून सांगितलंय ना?"
मी हातातला ब्रश खाली ठेवला. 
"मेमधलं मला आठवत नाही. पण मुलगा हल्ली माझ्याकडे पाठ करून बसत नाही. दिसतं ते मला." मग दस्त्यावरून हात फिरवत, "लोखंड नकोय मला. पण लाकूड अर्धवट ठेवू नकोस."
दोघांनी मिळून रंग दिला. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका.

१२ ऑक्टो.
कॅरलला फोन करून सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "आज सकाळी उठल्या उठल्या त्याने विचारलं, बंदूक रिपेअरहून आली का."

१३ ते १८
रोज जवसाच्या तेलाचा एक पातळ हात. तळव्याने चोळायचं, पुसायचं, ठेवायचं. करड्या डागाची एक रेघ राहिली. राहू दे.

२० ऑक्टो., रवि.
तयार. दुपारी दोघं आले. वॉ.ने दस्ता खांद्याला लावला, मान तिरकी केली. "फर्स्ट क्लास. चल, नळी बसवू. कुठेय?"
अकरा तारखेच्या बोलण्याचा चेहऱ्यावर मागमूस नाही. कॅरल माझ्याकडे बघत होती. नळी रिपेअरला आहे म्हणालो असतो तर चालून गेलं असतं.
"वॉल्ट, नळी तुझ्या मुलाकडे आहे. तूच म्हणाला होतास, लोखंड नकोय."
"मी?"
"तू. इथेच बसून."
त्याने दस्ता खांद्यावरून खाली घेतला. मग दस्ता काखेत घालून घरी गेला. कॅरल मागोमाग. 

२१ ऑक्टो., सोम.
सकाळपासून वॉ.च्या मुलाची गाडी त्यांच्या दारात. पडदे ओढलेले. सौ. म्हणते, जाऊन या. दोनदा बूट घातले, दोनदा काढले.